कोंबड्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. दुपारी घर झोपलं की मी लॅपटॉप काढून ‘हॉटलाइन मायामी’ खेळत बसायचे. एका दुपारी माझा नऊ वर्षांचा मामेभाऊ शेजारी येऊन बसला. खरं तर तेव्हाच लॅपटॉप मिटायला हवा होता. पण मी एका मजल्यावर तासभर अडकले होते आणि मध्येच सोडवत नव्हतं. पाचेक मिनिटं तो गप्प बसून बघत होता. मग म्हणाला, ‘‘ताई, यांनी काय केलं होतं?’’

‘‘कोणी?’’

‘‘हे पांढऱ्या कोटातले. तू ज्यांना मारतेयस ते.’’

‘‘ते गुंड आहेत.’’

‘‘तुला कोणी सांगितलं?’’

मी थांबले. कोणीच सांगितलं नव्हतं. फोन आला होता, पत्ता मिळाला होता, मी गेले होते.

या गेमबद्दल जगभरात भरपूर लिहिलं गेलंय, आणि त्यातलं बरंचसं मी वाचलंय. पण त्या दुपारच्या दोन साध्या प्रश्नांपाशी मी जशी अडले, तशी कुठल्याच परीक्षणापाशी अडले नाही. हा लेख त्या अडण्याविषयी आहे.



ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘हॉटलाइन मायामी’ २३ ऑक्टोबर २०१२ रोजी आला. योनातन सोडरस्ट्रॉम आणि डेनिस वेडीन या दोन स्वीडिश मित्रांनी तो बनवला. ‘डेनाटन गेम्स’ हे त्यांच्या जोडीचं नाव. बनवायला वापरलं ‘गेममेकर’, म्हणजे नवशिके आणि हौशी लोक वापरतात ते सॉफ्टवेअर. काळ १९८९चा, शहर मायामी. घराचं छप्पर काढून वरून आत डोकवावं तसं सगळं दिसतं. नायकाला नाव नाही. त्याच्या अंगातल्या जाकिटावरून खेळणारे त्याला ‘जॅकेट’ म्हणतात.

जॅकेटच्या आन्सरिंग मशीनवर निरोप येतात. बेकरीतून बोलतोय, तुमची बिस्किटं पोचली असतील. मुलं सांभाळायला कोणीतरी हवंय. डेटिंग सर्व्हिसनं आज तुमची भेट ठरवलीय. सोबत एक पत्ता. सगळ्या निरोपांचा अर्थ एकच : तिथं जा आणि आत असेल त्या प्रत्येकाला मारून टाक. जॅकेट गाडी काढतो, प्राण्याचा रबरी मुखवटा चढवतो आणि आत शिरतो.

आत गेल्यावर समोरचा बहुधा एका फटक्यात मरतो. अडचण अशी की आपणही एका फटक्यात मरतो. मेलं की ‘आर’ दाबायचं, मजला त्याच क्षणी पुन्हा सुरू. ना लोडिंग, ना उपदेश. मागचं धडधडणारं संगीतही थांबत नाही. दार ढकलून एकाला पाडायचं, त्याची बॅट उचलायची, ती दुसऱ्याच्या अंगावर फेकायची, तिसरा वळायच्या आत कोपऱ्यात सरकायचं. तिसाव्या-चाळिसाव्या खेपेला हात बसतो. तबल्याचा कायदा घोटून घोटून हातात यावा, तसा तो मजला बोटांत येतो. मग वीस-पंचवीस सेकंद असे येतात की आपण विचारच करत नाही, आणि सगळं बरोबर होतं. त्या सेकंदांसारखी मजा मला फार कमी गोष्टींत आलीय. हे आधीच कबूल करते, कारण पुढचा सगळा वाद त्या मजेशीच आहे.

शेवटचा माणूस पडला की संगीत तुटतं. उरते फक्त एक बारीक, कंटाळवाणी गुणगुण. दुसरा कुठलाही गेम इथून उचलून पुढच्या लेव्हलला नेईल. हा नेत नाही. आलो त्याच खोल्यांतून चालत परत गाडीपर्यंत जावं लागतं. सोफ्यावर, न्हाणीघरात, जिन्यापाशी मघाशी पाडलेली माणसं तशीच पडलेली असतात. करायला काही नसतं, फक्त चालायचं असतं. गाडीत बसलो की गुण मिळतात आणि शाळेसारखी श्रेणी. त्यानंतर जॅकेट कुठल्याशा दुकानात जातो. तिथला दाढीवाला त्याला आपुलकीनं पिझ्झा नाहीतर व्हिडिओ कॅसेट फुकट देतो.

आणि मध्येच एक अंधारी खोली येते. तिथं तीन मुखवटे बसलेले असतात : घोडा, घुबड आणि कोंबडा. कोंबडा विचारतो, दुसऱ्यांना दुखवायला तुला आवडतं का?



हा प्रश्न गेमपेक्षाही प्रसिद्ध झाला. परीक्षणं एकत्र करणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर गेमला शंभरपैकी ८५ गुण आहेत. ‘युरोगेमर’नं दहापैकी दहा दिले. दोन माणसांनी केलेल्या, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या गेमला एवढं कौतुक क्वचितच मिळतं. २०१३च्या ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’मध्ये मुख्य पुरस्काराच्या नामांकनांत तो होता. पुरस्कार मात्र मिळाला ‘कार्ट लाइफ’ला, म्हणजे रस्त्यावर गाडी लावून कॉफी नाहीतर वर्तमानपत्रं विकणाऱ्यांच्या रोजच्या ओढाताणीवरच्या गेमला. कोंबड्याचा मुखवटा आणि कॉफीची गाडी एकाच यादीत, असं ते वर्ष होतं.

कौतुकाचे सूर दोन होते. एक : खेळायला जबरदस्त आहे, वेग, संगीत, नेमकेपणा. दोन : हा नुसता मारधाडीचा गेम नाही, हिंसेवरचं भाष्य आहे, खेळणाऱ्याला तो आरसा दाखवतो. अनेक लेखांत दोन्ही सूर एकाच परिच्छेदात ऐकू येतात.

मला या दुसऱ्या सुरात एक पळवाट दिसते. भाष्य आहे म्हणून रक्तपात चालतो, असं एकदा ठरवलं की मजा कशाची आली हे सांगायची गरजच उरत नाही. प्रसादासाठी कीर्तनाला बसायचं आणि घरी येऊन निरूपणाचं कौतुक करायचं, तसं काहीसं.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही जोरदार आहे. हा शुद्ध दांभिकपणा आहे, असं त्या बाजूला वाटतं. आधी आग्रह करकरून वाढायचं आणि मग ‘किती खातोस’ म्हणून टोमणा मारायचा. मारण्याखेरीज दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तर दोष खेळणाऱ्याचा कसा? त्याच वर्षी, जून २०१२मध्ये, ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ आला होता. त्यातही सैनिकाकडून, म्हणजे आपल्याकडून, एक भयंकर कृत्य करवून घेतलं जातं आणि मग त्याची टोचणी लावली जाते. खेळ बंद करणं हाच एक पर्याय होता, असं त्याच्या समर्थनार्थ म्हटलं गेलं. पैसे देऊन आणलेली वस्तू न वापरणं हा नैतिक पर्याय असेल, तर तो प्रत्येक वस्तूच्या बाबतीत असतो. त्यात त्या गेमचं वेगळं श्रेय काय? तीन वर्षांनी आलेल्या ‘अंडरटेल’नं ही अडचण सरळ सोडवली. त्यात कुणालाही न मारता शेवटपर्यंत जाता येतं, आणि मारलंत तर गेम ते लक्षात ठेवतो. तिथं टोचणी लागली तर ती कमावलेली असते.

इथं एक गोष्ट बाजूला ठेवते. गेम खेळून मुलं हिंसक होतात का, हा माझा प्रश्न नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी गेमना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही, असं तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२०मध्ये पुन्हा सांगितलं. आपल्याकडे २०१९मध्ये राजकोटला पबजी खेळणाऱ्या तरुणांना पोलिसांनी पकडलं होतं. ती भीती वेगळी आणि तो वाद वेगळा. माझा प्रश्न छोटा आहे : माझ्या हातून कुणालाच इजा झाली नाही हे पक्कं असताना, त्या मजेत काही खटकण्यासारखं आहे का?



प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, चौथ्या खंडात, लिऑन्टिअस नावाच्या माणसाची गोष्ट येते. तो बंदराकडून अथेन्सला येत असतो. वाटेत भिंतीबाहेर जल्लादापाशी प्रेतं पडलेली दिसतात. त्याला बघावंसंही वाटतं आणि किळसही येते. काही वेळ तो तोंड झाकून स्वतःशी झगडतो. शेवटी हरतो, डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि स्वतःच्या डोळ्यांनाच शिव्या देतो : घ्या, बघून घ्या पोटभर. मनाची एक बाजू दुसरीवर संतापू शकते, हे दाखवायला प्लेटो ही गोष्ट सांगतो.

‘हॉटलाइन मायामी’त हाच क्रम उलटा आहे. लिऑन्टिअसला बघायचं होतं म्हणून तो धावला. आपण धावतो तेव्हा बघतच नसतो. संगीत चालू असताना समोरचे लोक म्हणजे वेळेचं गणित असतं : हा दोन सेकंदांनी वळेल, तो दारामागे आहे. बुद्धिबळात घोडा मारला म्हणून कोणी हळहळत नाही, तसं. मग संगीत थांबतं आणि तेच ठिपके, तेच रंग, अचानक प्रेतं होतात. पडद्यावरचं काहीही बदललेलं नसतं, फक्त आपल्याला घाई उरलेली नसते.

म्हणून मला कोंबड्याच्या प्रश्नापेक्षा ते परत चालणं जास्त मोलाचं वाटतं. प्रश्नात थोडा आव आहे. चालण्यात नाही. ते तुम्हाला वाईट म्हणत नाही, चांगलंही म्हणत नाही. मघाशी काय बघायचं राहिलं, एवढंच दाखवतं.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाची एक बाजू हाताळलेली आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात, असं नाट्यशास्त्र सांगतं. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, म्हणजे नियम मोडलेही गेले. पण रौद्र काय किंवा बीभत्स काय, आस्वाद्य का होतात, याचं रसचर्चेतलं उत्तर अंतरावर उभं आहे. दुःख किंवा क्रोध ना नटाचा, ना माझा. तो कुणा एकाचा उरत नाही, म्हणून त्याची चव घेता येते.

गेममध्ये हे अंतर कुठे आहे? सिनेमा बघून आल्यावर आपण म्हणतो, ‘‘त्यानं सगळ्यांना मारलं.’’ गेम खेळून उठलो की म्हणतो, ‘‘मी मारलं.’’ माझा मामेभाऊही ‘तो ज्यांना मारतोय’ म्हणाला नव्हता. ‘तू ज्यांना मारतेयस’ म्हणाला होता. प्रेक्षकाची खुर्ची उचलून रंगमंचावर ठेवली, की रसाचं जुनं उत्तर जसंच्या तसं लागू पडत नाही. खेळणारा ना पुरता प्रेक्षक असतो, ना पुरता कर्ता.



हे अर्धवटपण कुठे दुखतं, ते दुसऱ्या भागानं दाखवलं. ‘हॉटलाइन मायामी २ : राँग नंबर’ मार्च २०१५मध्ये आला. पण त्याची चर्चा २०१३च्या डेमोपासूनच सुरू झाली होती. सुरुवातीलाच डुकराचा मुखवटा घातलेला माणूस घरात शिरून सगळ्यांना मारतो, आणि मग एका बाईला खाली पाडून तिच्यावर बलात्कार करू लागतो. तेवढ्यात ‘कट’ असं ओरडणं ऐकू येतं. हे सिनेमाचं चित्रीकरण निघतं. केरा एलिसन या समीक्षिकेनं डेमो खेळून आल्यावर त्याबद्दल लिहिलं. पहिल्या गेमची ती चाहती होती, त्यामुळे तिची निराशा जास्त झोंबली. निर्मात्यांनी ते दृश्य डेमोतून काढलं. पूर्ण गेममध्ये ठेवलं, पण ते वगळायचं का, असं सुरुवातीलाच विचारलं. ऑस्ट्रेलियानं जानेवारी २०१५मध्ये गेमला वर्गीकरणच नाकारलं, म्हणजे तिथं विक्री बंद. त्यावर सोडरस्ट्रॉमनं एका ऑस्ट्रेलियन चाहत्याला कळवलं की मग सरळ पायरेट करून खेळ, पैसेही पाठवू नकोस.

आता प्रश्न असा : शेकडो माणसांची डोकी फुटताना ज्यांना काही वाटलं नाही, त्यांना एका अर्धवट, खोट्या ठरलेल्या दृश्यानं का हादरवलं? मॉर्गन लक या तत्त्वज्ञानं २००९मध्ये अशीच कोंडी मांडली होती. गेममधला खून आपण चालवून घेतो, गेममधला बालकावरचा अत्याचार मुळीच नाही. खरी इजा दोन्हींत कुणालाच होत नाही. मग एकतर दोन्ही चालायला हवेत, नाहीतर दोन्ही नकोत. ही कोंडी आजवर अनेकांनी अनेक तऱ्हांनी सोडवू पाहिलीय.

मला सुचणारं उत्तर असं की गेममधला खून ‘चाल’ होऊ शकतो, बलात्कार होऊ शकत नाही. त्याचं वेळेचं गणित होत नाही, त्यात शरीर हे शरीरच राहतं. पण हे उत्तर मला पुरतं सोडवत नाही. खून चाल होऊ शकतो कारण आपण त्याला तशी सवय लावलीय. १९७८चा ‘स्पेस इनव्हेडर्स’, १९९३चा ‘डूम’, आणि तिथून पुढे मारणं म्हणजे गुण. सवय म्हणजे निरागसपणा नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती जास्त अवघड आहे. त्या बाईच्या जागी मी स्वतःला लगेच ठेवू शकले. ते मला ठरवावंही लागलं नाही. पांढऱ्या कोटातल्यांच्या जागी मात्र मी स्वतःला कधी ठेवलंच नव्हतं. ते रशियन होते, गुंड होते, पुरुष होते, एकसारखे दिसत होते. म्हणजे माझा राग खरा होता, पण जिथपर्यंत माझी कल्पना पोचली तिथपर्यंतच तो पोचला. तो राग चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. त्याची हद्द कुठे संपते ते मला दिसलं, एवढंच.

दुसऱ्या भागाच्या परीक्षणांनी आणखी एक गुपित फोडलं. या भागात हिंसेवरचं ‘भाष्य’ पहिल्यापेक्षा जास्त आहे : अनेक पात्रं, सिनेमातला सिनेमा, जॅकेटची नक्कल करणारे चाहते. पण गुण घसरले, सत्तरीच्या मधल्या घरात आले. तक्रारींतला मोठा भाग साधा होता. नकाशे फार मोठे, स्क्रीनबाहेरून गोळी येते, हात बसत नाही. म्हणजे मजा कमी झाल्यावर भाष्यानं तारलं नाही. पहिल्या वेळी आपण गुण कशाला दिले होते, ते इथं कळतं.



तर मग कोंबड्याला काय सांगायचं? दुखवायला आवडतं का? माझं प्रामाणिक उत्तर : नाही, मला ते नीट जमायला आवडतं. ती लय, ती अचूकता, ती वीस सेकंदं.

हे उत्तर मी स्वतःला मोठ्यानं देऊन पाहिलं, तेव्हा ते मला आवडलं नाही. ‘मला त्रास द्यायचा नव्हता, मी फक्त माझं काम चोख करत होतो’ हे वाक्य आपण याआधी ऐकलंय, आणि ऐकवणारे नेहमीच निरुपद्रवी नव्हते.

आणि इथं मला बहुतेक लेखांत निसटलेली एक गोष्ट सापडली. कोंबडा एकच प्रश्न विचारत नाही, चार विचारतो. गाजला पहिला. दुसरा असा आहे : तुझ्या फोनवर हे निरोप कोण ठेवतं?

गेम संपतो तेव्हा निरोपांमागे दोन साधे सफाई कामगार सापडतात. कशासाठी केलंत हे, तर कंटाळा आला होता म्हणून. नेहमीच्या शेवटात एवढंच कळतं. पण बहुतेक लेव्हलमध्ये एकेक अक्षर लपवलेलं असतं. सगळी गोळा करून जुळवली तर खरं कारण उघडतं : फोनमागे एक कडवी राष्ट्रवादी संघटना आहे आणि रशियनांचे मुडदे तिला हवे आहेत. हे कारण शोधायला धावणं थांबवून कोपरे न्याहाळावे लागतात. वेगाची मजा घेत, श्रेणी वाढवत खेळलं तर ते हाती लागत नाही. पहिल्यांदा खेळताना मला लागलं नव्हतं. मला श्रेणी हवी होती.

रक्त बघून मी क्रूर होईन, ही भीती मला कधीच वाटली नाही आणि आजही वाटत नाही. पण वेग, गुण, लगेच मिळणारी दुसरी संधी आणि शेवटी कोणाची तरी शाबासकी, एवढं मिळालं की ‘कोणी सांगितलं?’ हे विचारायचं मी विसरते. हे मला त्या गेमनं दाखवलं. आणि ही सवय फक्त गेमपुरती आहे, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

गेम दांभिक आहे का? थोडा आहे. मजा देऊनच त्याला मजेबद्दल बोलता येतं, आणि ती मजा विकून त्यानं पैसेही कमावले. पण न चाखता कळणारी ही गोष्ट नव्हती. ‘आज्ञाधारकपणा वाईट’ असं कोणी लेखात लिहिलं असतं तर मी मान डोलावून पुढे गेले असते.

त्या दुपारी मामेभावाला मी अखेर खरं ते सांगितलं. ‘‘माहीत नाही रे यांनी काय केलं होतं. मी विचारलंच नाही.’’

‘‘मग विचार ना.’’

‘‘विचारायचं बटणच नाहीये यात.’’

त्यानं कीबोर्डकडे पाहिलं. एवढी बटणं असून त्यात ते एक नाही, हे त्याला पटलं नसावं. मग तो चिवड्याचा डबा शोधायला आत गेला. मी मजला पूर्ण केला. संगीत थांबलं. गाडीपर्यंत चालत जायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, कारण या खेपेला मी प्रत्येक खोलीत थांबून बघत होते.